स्थलांतर पाखरं करतात, आम्ही कारखान्याला जातो: विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय कुलगुरू, तसेच अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याची. आई-वडिलांनी बावीस गळीत हंगाम ऊसतोडीच्या कोयत्यावर काढले. मी इथल्याच एका विद्यापीठात अर्थशास्त्रात एम. ए. केलं, आणि नंतर राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात ‘स्थलांतर आणि विकास’ या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली. परत आल्याला आता काही वर्षं झाली. स्थलांतराचा अभ्यास आपल्या विद्यापीठांत मराठीत व्हावा, अशी एक मागणी आहे आणि ती करण्याआधी थोडं सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

तिकडच्या प्रबंधासाठी मी आमच्याच गावात मुलाखती घेतल्या. प्रश्नावली इंग्रजीत मंजूर झालेली, तिचं मराठी मी केलं होतं. पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्ही स्थलांतर कधीपासून करता?’ समोर माझी चुलती बसली होती. ती म्हणाली, “स्थलांतर पाखरं करत्यात बाई. आम्ही कारखान्याला जातो.” मी वहीत उत्तर लिहिण्याऐवजी प्रश्नच खोडला.

त्या दिवशी लक्षात आलं की आपल्याकडे या गोष्टीला शब्दांची कधीच वानवा नव्हती. बीड-पाथर्डीची माणसं ‘कारखान्याला जातात’. दुष्काळात गाव सोडलेलं कुटुंब ‘जगायला गेलं’ असं म्हणतात. कोकणातला माणूस मुंबईला गेला की ‘चाकरमानी’ होतो आणि गणपतीला परत येईपर्यंत चाकरमानीच राहतो. मुलगी ‘नांदायला’ जाते. यातल्या प्रत्येक शब्दात कोण जातं, कशासाठी जातं, परत येतं की नाही, मागे कोण राहतं हे सगळं आलेलं आहे. पुस्तकातला ‘स्थलांतर’ हा शब्द हे सगळं पुसून टाकतो. नांदायला गेलेली बाईसुद्धा जनगणनेच्या हिशेबात स्थलांतरितच असते, बरं का. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित मोजले गेले. जगातले सगळे आंतरराष्ट्रीय स्थलांतरित, संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार, ३० कोटींच्या आसपास. आपला आकडा एवढा फुगतो याचं मोठं कारण लग्न. बायका जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा जास्त हलतात, हे रॅव्हनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये इंग्लंडचे आकडे पाहून लिहून ठेवलं होतं. आमच्या आज्यांना ते आकड्यांशिवाय माहीत होतं.

आता इथल्या एम. ए. बद्दल. ‘विकासाचे अर्थशास्त्र’ या पेपरात स्थलांतर अर्ध्या घटकात उरकलं होतं. माणसं शेती सोडून शहराकडे का जातात हे सांगणारं लुईसचं १९५४ चं प्रारूप, हॅरिस-तोदारोचं १९७० चं, ओढणारे घटक, ढकलणारे घटक. सरांनी टिपणं सांगितली, आम्ही उतरवली. वर्गातल्या निदान पाच जणांचे आईबाप त्या वेळी उसाच्या फडात होते. आम्हाला ते एकमेकांचं ठाऊक होतं. वर्गात कोणी बोललं नाही, सरांनी विचारलं नाही, आणि परीक्षेत हॅरिस-तोदारो आला, आम्ही लिहिला, मार्कही चांगले पडले. मी सरांना दोष देत नाही. पेपर तुमच्याकडून आला होता.

तिकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘रेमिटन्स’वर चर्चा होती. बाहेर गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो, त्याने घरच्यांची भूक, शाळा, औषधपाणी भागतं, जमलं तर छप्पर पक्कं होतं. स्टार्क आणि ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं की माणूस एकटा ठरवून जात नाही, घर ठरवतं. एक पाय शेतात, एक शहरात, म्हणजे एकीकडे बुडालं तर दुसरीकडे तरेल. ऐकताना मला कोकण डोळ्यांपुढे आलं. गिरणीतला मुलगा, गावची म्हातारी, दर महिन्याला पोस्टमन आणत असलेली मनीऑर्डर. सिद्धांत तिथे चपखल बसतो. मग मी आमच्या घराचं गणित त्यात बसवून पाहिलं आणि ते बसेना.

आमच्याकडे पैसा आधी येतो. पावसाळा सरता सरता मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, नवरा-बायकोच्या जोडीला ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ही जोडी म्हणजे एक कोयता. मजुरीचा हिशेब कोयत्याचा, आणि पैसे घेताना अंगठा किंवा सही नवऱ्याची. ती उचल हातात येईपर्यंत तिच्यावर बहिणीचं लग्न, सासऱ्याचं ऑपरेशन, गेल्या साली न फिटलेली बाकी असे मानकरी आधीच बसलेले असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते. चार-पाच महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. टनामागे मजुरी लागते ती उचलीतून वळती होत जाते. एक दिवस अंग मोडून आलं, तर ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाडव्याच्या सुमाराला परत यायचं तेव्हा हातात काय, तर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून आलेले चार पैसे आणि बहुतेक वेळा पुढच्या सालाची बाकी. म्हणजे माणूस निघण्याआधीच त्याची कमाई घरी येऊन खर्चून झालेली असते, आणि तो जातो ते फेडायला. रेमिटन्सची गाडी उलट्या दिशेने धावते. ‘एक पाय इकडे, एक तिकडे’ हेही जमत नाही, कारण दोघंही जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, शाळेत जाणारं एखादं पोर, आणि कधी कधी कोणीच नाही.

हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, यावर तुमच्या विद्यापीठात काय काम झालंय? मला सांगता आलं नाही. ग्रंथालयात गेले तेव्हा पहिल्यांदा हाती लागलं ते यान ब्रेमन या डच अभ्यासकाचं काम. खानदेशातून सुरत-बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवर जाणारे तोडणी कामगार त्यांनी १९७० च्या दशकात पाहिले होते. खानदेशची माणसं, दक्षिण गुजरातचा ऊस, लिहिणारा हॉलंडचा आणि वाचणारी मी ब्रिटनमध्ये. मला तेव्हा हसू आलं. नंतर फारसं आलं नाही.

कुलगुरू महोदय, मागणी ही: आपल्या राज्य विद्यापीठांत स्थलांतर आणि विकास यांचा एकत्र अभ्यास करणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करा. मराठीत. ‘एकत्र’ या शब्दावर माझा भर आहे, कारण आपल्याकडे हा विषय चार कपाटांत कोंबलेला आहे. ऊसतोड कामगार म्हटलं की ते कामगार खात्याचं. आखातात गेलेला महाडचा माणूस परराष्ट्र खात्याचा. पुण्याहून अमेरिकेला गेलेला अभियंता म्हणजे वर्तमानपत्राच्या पुरवणीतला अभिमान. नांदायला आलेली बाई कुणाचीच नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत स्थलांतर आणि नागरी अभ्यासाचा विभाग आहे आणि तिथलं काम मोलाचं आहे, पण ती केंद्राची संस्था. तिथला व्यवहार इंग्रजीत आणि आकडेशास्त्राच्या भाषेत चालतो. अंबाजोगाईच्या महाविद्यालयातून बी. ए. झालेली मुलगी तिथवर पोहोचणं अवघड.

कपाटं मोडली की काय दिसतं, त्याचं एक उदाहरण देते. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष गावात नसतात म्हणून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. माणसं मुंबईला गेली, पुण्याला गेली, कोकणी मुसलमान कुटुंबांतली कुवेत, कतार, दुबईला गेली. त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज तर एकोणिसाव्या शतकातच केपटाऊनला पोहोचले होते. आता त्याच जिल्ह्यातल्या हापूसच्या बागांत जाऊन पाहा. माकडं हाकलायला, फवारणीला, राखणीला कोण आहे? नेपाळी गडी. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींवर खलाशी कोण? त्यांतलेही बरेच नेपाळचे. आंब्याचा हंगाम सरला, पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की ते घरी जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांची नोंदही धड कुठे होत नाही. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथाई इतका पैसा परदेशातून येतो. त्यातली एक बारीकशी धार आपल्या आंब्याच्या झाडाखालून निघते.

आता सांगा, हे अंतर्गत स्थलांतर की आंतरराष्ट्रीय? विकास कोणाचा, रत्नागिरीचा की पश्चिम नेपाळातल्या डोंगरातल्या गावाचा? कुवेतच्या दिनारांनी बांधलेलं घर बंद आहे, त्याच्या अंगणाची राखण परदेशी माणूस करतो आहे आणि त्याची बायको तिकडे त्याच्या पैशाची वाट पाहते आहे. जिनिव्हात आणि लंडनमध्ये ज्या विषयावर परिषदा भरतात तो आपल्या एका वाडीत अख्खा सापडतो. रत्नागिरीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत याचा सुंदर प्रबंध लिहिता येईल. नेपाळी शिकावं लागेल थोडं. लिपी तर आपलीच आहे.

केरळचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगते. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये १९९८ साली झकारिया, इरुदय राजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू केलं. दर चार-पाच वर्षांनी ते होतं. २०२३ च्या फेरीत कळलं की सुमारे २२ लाख मल्याळी परदेशात आहेत आणि त्यांतल्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट होऊन अडीच लाखांवर गेली. तिथला अर्थमंत्री, पत्रकार, चर्चचा पाद्री, सगळे याच आकड्यांवर भांडतात. निदान भांडायला आकडे तरी आहेत. आणि आपण? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात २०२०-२१ मध्ये महाराष्ट्राने केरळला मागे टाकलं: आपला वाटा ३५ टक्के, त्यांचा १० च्या जरा वर. २०२३-२४ मध्ये आपण २०.५ वर आलो, ते १९.७ वर. तीन वर्षांत एवढी घसरगुंडी कशी? खरंच पैसा कमी झाला, की मुंबईतल्या बँक-शाखांत जमा होणारी रक्कम सगळी महाराष्ट्राच्या नावावर चढत होती? एम. ए. च्या पहिल्या सत्रातल्या मुलाला द्यावा असा हा प्रश्न आहे. तो आपल्याकडे कोणत्या वर्गात विचारला जातो?

मोजणीचंच आणखी एक. जनगणनेतली माणसं मोजण्याची मुख्य फेरी फेब्रुवारीत होते. २०११ ची फेब्रुवारीत झाली, पुढची २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे. फेब्रुवारीत आमचं अर्धं गाव कुठे असतं? सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात. ऊसतोड कामगार राज्यात किती, याला आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जो तो आपापला आकडा सांगतो, आणि त्या आकड्यावर महामंडळं, वसतिगृहं, साखरशाळा उभ्या राहतात. ज्या मुलांना गाव आणि फड दोन्ही ठाऊक आहेत अशी शंभर मुलं एखाद्या विद्यापीठाने त्या हंगामात उभी केली, तर निदान एका तालुक्याची खरी मोजणी होईल.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी सर्वेक्षणात ८२,३०९ बायका तपासल्या, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. टीव्हीवाले आले, समिती आली, अहवाल आला. मी त्या वेळी फिरत होते. एक बाई म्हणाली, “पिशवी काढली म्हंजी खाडा पडत न्हाई.” तिच्या या एका वाक्यात कर्ज, मुकादम, खासगी दवाखाना, फडात नसलेली मोरी, पाळीबद्दलची भीती आणि कारखान्याचा गळिताचा वेग इतकं सगळं गुंतलेलं आहे. याचा अभ्यास आरोग्याचा विभाग एकटा करू शकत नाही, अर्थशास्त्राचाही नाही. डॉक्टरांना दोष देऊन प्रकरण मिटवणं सोपं होतं आणि बऱ्याच अंशी तसंच झालं.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून कर्नाटकात निपाणीकडे गेलेली टोळी त्यात बसते. बीडहून कोल्हापूरला गेलेली बसत नाही, ऊस तोच, मुकादम तोच. २०२० च्या संहितेत तो कायदा मिसळला तरी ती सीमा व्याख्येत राहिली. मे २०२० मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात, टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर दगावले याची माहिती आपल्याकडे नाही, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. मी ते तिकडे वाचनालयात वाचलं. पुढचं पान वाचवेना.

या विषयाची एक गैरसमजूत मात्र तुम्हीच दूर करू शकता. आपल्याकडे प्रत्येक पुढारी म्हणतो, ‘गावातच रोजगार देऊ, स्थलांतर रोखू.’ विकास झाला की माणसं जायची थांबतील, असा त्यामागे विश्वास. जगभरचे आकडे वेगळं सांगतात. गरीब देशाचं उत्पन्न वाढू लागलं की आधी बाहेर जाणं वाढतं, बऱ्यापैकी श्रीमंती आल्यावर मग ते उतरतं. कारण जायलाही पैसा लागतो, शिक्षण लागतं, तिकडे कोणी ओळखीचं लागतं. आमच्या गावात हे दिसतं. ज्या घरात मुलगा बारावी झाला ते घर कोयता सोडतं, पण गाव धरत नाही. मुलगा चाकणला जातो. जाणं वाईट नसतं. उचल घेऊन जाणं आणि पगारासाठी जाणं यांत फरक आहे, आणि हा फरक शिकवणारा पेपर हवा आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी या राज्याने जन्माला घातली, देशाने ती पुढे उचलली. तेव्हा अभ्यास आणि सरकार एका बैठकीत बसत होते.

परदेशात जाऊन शिका, असं कोणी सुचवेल. जावं, जरूर जावं. मी गेले, फायदा झाला. पण तो दरवाजाही आक्रसतो आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये असं घातलं गेलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाविषयीचे संशोधनाचे विषय यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ही शिष्यवृत्ती आहे कुणासाठी? अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी. म्हणजे भूमिहीन मजुराच्या मुलीने परदेशात जाऊन काहीही शिकावं, भूमिहीन मजुरांबद्दल सोडून. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. त्याला बडोद्याची शिष्यवृत्ती होती आणि तिच्यामुळे हा विषय अडला नव्हता. हा नियम केंद्राचा आहे, तुमच्या हातातला नाही, पण कुलगुरूंनी एकत्र येऊन त्यावर पत्र लिहिलं तर त्याला वजन येईल.

तुमच्या हातात जे आहे ते असं. क्षेत्रकार्य डिसेंबर-जानेवारीत ठेवा, तेव्हा फड चालू असतो. आणि ज्या मुलांचे आईबाप फडात आहेत त्यांना घरची गुरं आणि धाकटी भावंडं सांभाळावी लागतात, त्यांच्या हजेरीकडे माणुसकीने बघा. शिकवायला एखाद्या मुकादमाला बोलवा. हो, मुकादमाला. कमिशन, पळून गेलेल्या कोयत्याचं काय करतात, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, आणि चार प्रश्न त्याला विचारायला मुलांना शिकवणं हाच निम्मा अभ्यासक्रम. तिरुवनंतपुरमशी करार करा. आणि कृपा करून हा परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याचा किंवा अनिवासी मराठी मंडळींच्या सत्काराचा विभाग होऊ देऊ नका. तशी कार्यालयं प्रत्येक शहरात आहेत.

पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, एवढंच लेखी मागते. बोलावलंत तर मी येईन. भत्ता नको, फक्त तारीख दसऱ्याच्या आधीची द्या, त्यानंतर गावात कोणी सापडत नाही. प्रश्नावलीचा नवा मसुदा माझ्याकडे तयार आहे. त्यात एकोणचाळीस प्रश्न आहेत आणि ‘स्थलांतर’ हा शब्द एकदाही नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
ता. धारूर, जि. बीड